रेणुसूत्र काढायचंय: आधी गुणोत्तर की थेट रेणुवस्तुमान?

रेणुसूत्र म्हणजे एका रेणूत कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू ते. कपाटातली डांबरगोळी घ्या, म्हणजे नॅप्थलीन. कार्बन ९३.७५ टक्के, हायड्रोजन ६.२५ टक्के, रेणुवस्तुमान १२८.

वर्गात शिकवतात ती रीत अशी: १०० ग्रॅम धरा, अणुवस्तुमानाने भागा, मग लहान आकड्याने भागा. कार्बनचे ७.८१ मोल, हायड्रोजनचे ६.२५, गुणोत्तर १.२५ : १. घात होतो तो इथेच. घाईत १.२५ चा १ होतो, एम्पिरिकल फॉर्म्युला (अणूंचं सर्वांत लहान पूर्णांक गुणोत्तर) ‘सीएच’ ठरतो, त्याचं वस्तुमान १३. १२८ भागिले १३ म्हणजे ९.८५, ‘चला, दहाच धरू’, आणि उत्तर सी१०एच१०. दोन हायड्रोजन फुकटचे. खरं तर १.२५ दिसलं की चाराने गुणायचं: सी५एच४, वस्तुमान ६४, दुप्पट केलं की सी१०एच८.

दुसरी रीत गुणोत्तराच्या वाटेलाच जात नाही. १२८ चे ९३.७५ टक्के म्हणजे १२०. भागिले १२, दहा कार्बन. १२८ चे ६.२५ टक्के म्हणजे ८, आठ हायड्रोजन. संपलं. सीईटीत रेणुवस्तुमान नेमकं दिलं असेल तर मी डोळे झाकून हीच रीत वापरेन.

पण प्रयोगातून आलेला आकडा इतका गुळगुळीत नसतो. गोठणबिंदूतल्या घटीवरून रेणुवस्तुमान काढलं आणि १२० आलं, तर दुसरी रीत ९.३८ कार्बन आणि साडेसात हायड्रोजन हातात ठेवते. साडेसाताचे सात करायचे की आठ? पहिल्या रीतीला फरक पडत नाही: १२० भागिले ६४ म्हणजे १.८८, आणि पट पूर्णांकच हवी म्हणून २. टक्केवारी चोख आणि रेणुवस्तुमान अंदाजे असेल तेव्हा जुनीच रीत भरवशाची.

हेमेटाइट या लोहखनिजासारख्या आयनिक पदार्थात तर सुटा रेणूच नसतो. तिथे लोह आणि ऑक्सिजनचं १ : १.५ काढायचं, दोनाने गुणून २ : ३ लिहायचं आणि थांबायचं.

एका सापळ्यात मात्र दोन्ही रीती सारख्याच फसतात. गणितात रेणुवस्तुमानाऐवजी बाष्पघनता (बाष्प तेवढ्याच हायड्रोजन वायूच्या किती पट जड, तो आकडा) ६४ दिलेली असते. तेच रेणुवस्तुमान समजून टाकलं तर दुसऱ्या रीतीत स्वच्छ ५ आणि ४ येतात, पहिल्या रीतीत पट नेमकी १. कुठेही अपूर्णांक खटकत नाही, त्यामुळे चूक झाल्याची शंकाही येत नाही. बाष्पघनता दिसली की आधी दोनाने गुणा, रीत मग निवडा.