सकाळी नमुना, संध्याकाळी कल्चरचा रिपोर्ट!

2,849 रुपये. 1,999 चं ‘फुल बॉडी पॅकेज’, 700 युरिन कल्चरचे (लघवीतले जंतू वाढवून बघण्याची टेस्ट), 150 घरी येऊन नमुना नेण्याचे. पावती मिळाली, पण तिच्यावर लॅबचा पत्ताच नाही. पैसे देण्याआधी पत्ता बघा!

आईला शुगर आहे. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, म्हणून डॉक्टरांनी कल्चर लिहून दिलं. सकाळी साडेसातला पोरगा आला. रक्ताच्या दोनच ट्यूब भरल्या. शुगरसाठी राखाडी टोपणाची ट्यूब असते, ती काढलीच नाही. लघवीची बाटली नाव न लिहिता स्कूटरच्या डिकीत टाकली. मे महिन्यात! बर्फाची पेटी नाही, अँटिबायोटिक सुरू आहे का हा प्रश्न नाही. “अजून चार घरं घ्यायचीत, मॅडम.”

संध्याकाळी सहाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ हजर. कल्चर: नो ग्रोथ. इथे, अगदी इथे मनात पाल चुकचुकायला हवी होती. लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेटवर ते दिसायलाच 18 ते 24 तास लागतात. काहीच वाढलं नाही असं ठामपणे सांगायला बऱ्याच लॅब 48 तासांपर्यंत थांबतात. आणि तापलेल्या डिकीतल्या लघवीत तर एरवीचे किरकोळ जंतूही फोफावतात. पण मला सांगा, घरात 102 ताप असताना रिपोर्ट लवकर आला म्हणून कोण तक्रार करतं? खाली एमडी पॅथॉलॉजिस्टची सही होती. ती प्रत्येक पानावर हुबेहूब तशीच, शाईच्या ठिपक्यासकट, हे डॉक्टरांनी बोट ठेवल्यावर दिसलं. नमुना बहुधा बेसिनमध्येच गेला. दुसरीकडे 850 भरून पुन्हा कल्चर केलं: ई. कोलाय जंतू, मिलीलिटरला एक लाखाच्या वर, म्हणजे संसर्ग होताच. मधल्या काळात आईचे जे हाल झाले त्याची पावती कोण देणार?

पोलीस चौकीत म्हणाले, “हे ग्राहक मंचाचं काम.” पालिकेच्या आरोग्य खात्यात म्हणाले, आमच्याकडे नोंद नर्सिंग होमची, लॅबची नाही. औषध प्रशासनात म्हणाले, आम्ही औषधं बघतो. म्हणजे वडापावच्या गाडीला परवाना लागतो आणि रक्त काढणाऱ्याला कुणी विचारत नाही! लॅबचीही नोंदणी सक्तीची करणारा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं. बजावणी कोण करणार? एका साहेबांनी तर मलाच विचारलं, “स्वस्तात कशाला गेलात?” स्वस्त? 2,849?

लॅबवाल्याला फोन केला तर पुढच्या टेस्टवर 300 ची सूट देतो म्हणाला.

बाटलीवर नाव आणि वेळ तुमच्यासमोर लिहून घ्या, फोटो काढा. सहीखालचा नोंदणी क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून बघा. मी ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. सकाळी नमुना देऊन संध्याकाळी कल्चरचा रिपोर्ट आणखी कुणाला आला असेल, तर तो व्हॉट्सॲप मेसेज वेळेसकट जपून ठेवा. डिलीट करू नका.