सिंगापूरची बाहेरून येणारी वीज: जुन्या तारांचं काम बरं की समुद्रातल्या केबलचं?

पॉवर सिस्टिमवाली आपली पोरं सिंगापूरला नोकरी बघायला लागली की हल्ली हमखास विचारतात, वीज आयातीच्या कामात शिरायचंय पण कुठल्या बाजूने, म्हणजे लाओसची वीज थायलंड-मलेशियामार्गे आणायच्या व्यवहारात, की इंडोनेशिया वगैरेहून समुद्राखालून केबल टाकायची जी प्रोजेक्टं चाललीत त्यात. मी दोन्हीकडचं काम केलंय आणि शेवटी एकीकडे टिकलो, त्यामुळे माझं माप थोडं झुकलेलं आहे हे धरूनच वाचा. सिंगापूरची ९५ टक्क्यांच्या आसपास वीज गॅसवर होते, जागा नाही, नद्या नाहीत, ते सगळं तुम्हाला माहीत असणार, उगाळत नाही.

आधी लाओसवालं. चार देशांची आद्याक्षरं घेऊन त्याला एलटीएमएस म्हणतात. २०१४ मध्ये चौघांनी ठरवलं, पहिली वीज आली २३ जून २०२२ ला, आणि ती किती तर जास्तीत जास्त १०० मेगावॅट. आठ वर्षांत १०० मेगावॅट, हसू येतं, मान्य. पण त्यासाठी सीमेवर नवी लाइन टाकावी लागली नाही, होत्या त्याच वापरल्या. थायलंड-मलेशियामध्ये क्लोंग न्गे ते गुरुन ही ३०० मेगावॅटची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाची डीसी लाइन, आधीपासून होतीच, मलेशियाच्या दक्षिण टोकाची जोहोर-सिंगापूर जोडणी तर ऐंशीच्या दशकातली, फक्त नंतर मोठी केली. लाओसच्या धरणावर तयार झालेलं युनिट अर्थातच सिंगापूरपर्यंत चालत येत नाही, लाओस थायलंडच्या ग्रिडमध्ये टाकतो, थायलंड खाली दक्षिणेला तेवढीच मलेशियाला देतो, मलेशिया जोहोरमधून सिंगापूरला. सोलापुरात खात्यात पैसे भरून ठाण्यात एटीएममधून काढले तर नोटा त्याच नसतात, तसंच. मधले दोघे आपापला वहन आकार घेतात, महावितरणच्या बिलावर असतो तोच प्रकार, फक्त इथे तो आंतरराष्ट्रीय वाटाघाटीतून ठरतो.

रोजचं काम म्हणजे तासातासाचं शेड्यूल, मीटर रीडिंग, प्रत्येक टप्प्यावर तारेत वाया जाणारी वीज, म्हणजे लॉस, कोणाच्या खात्यात घालायचा यावरची हुज्जत. आणि लाओस-थायलंडचं घड्याळ मलेशिया-सिंगापूरच्या एक तास मागे! व्हिएंतियानचा, म्हणजे लाओसच्या राजधानीचा, सहाचा स्लॉट सिंगापूरचा सातचा, म्हणजे शीटमध्ये एक रो सरकली की महिनाअखेरीला दोन पार्ट्यांचे आकडे जुळत नाहीत आणि मग सगळे शांतपणे एकमेकांना ‘काइंडली चेक’ असे मेल पाठवत बसतात. वैताग आहे, पण हा वैताग संध्याकाळपर्यंत सुटतो.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं, ते बघितलेल्यांना इथे आल्यावर पहिल्यांदा झेपत नाही की वरून हुकूम देणारं कोणीच नाही. आग्नेय आशियातल्या देशांची ग्रिडं जोडायची, म्हणजे आसियान पॉवर ग्रिडची, कल्पना १९९७ पासूनची, वीज कंपन्यांच्या प्रमुखांची हापुआ ही संघटना त्याच्याही आधीची, पण ‘अमुक तारखेपर्यंत करा’ असं कोणाला सांगायची ताकद कोणाकडेच नाही. सगळं संमतीने, म्हणजे सगळ्यात सावकाश असेल त्याच्या वेगाने. लाओसचा पहिला करारच दोन वर्षांचा होता, त्यामुळे इथे एक संपत नाही तोच पुढच्याची बोलणी लागतात, आणि चौघांपैकी एकाने जरी सही अडवली तरी बाकीचे तिघे हात चोळत बसतात. ही कमजोरी मी लपवणार नाही.

आता केबल. इथे आकडेच वेगळे. सिंगापूरचं उद्दिष्ट आधी २०३५ पर्यंत ४ गिगावॅट आयातीचं होतं, २०२४ मध्ये ते ६ केलं. त्यासाठी इंडोनेशियाहून ३.४ गिगावॅटच्या प्रोजेक्टना वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या मंजुऱ्या, कंबोडियाहून १, व्हिएतनामहून १.२, आणि ऑस्ट्रेलियाहून १.७५ गिगावॅट आणायचा विचार तर हजारो किलोमीटरच्या केबलने. त्या ३०० मेगावॅटच्या जुन्या एचव्हीडीसीतून हे कधीच होणार नाही, हे गणित शाळकरी पोरगंही करेल. शिकायला पण इथे जास्त, एसीचं डीसी आणि उलट करणारं कन्व्हर्टर स्टेशन, समुद्रतळाचा सर्व्हे, जहाजांच्या मार्गाखालून केबल कशी न्यायची, सोलरला किती बॅटरी लावली की रात्री पण सप्लाय देता येईल, बँक कशावर कर्ज देईल. पगारही बरा असतो, खोटं कशाला बोला. आणि मधला देश नाही म्हणून वहन आकाराची कटकट नाही. फक्त पलीकडच्या सरकारलाही आपल्याकडे काहीतरी राहायला हवं असतं, इंडोनेशियाशी झालेल्या समजुतीत सोलर पॅनल-बॅटरीचे कारखाने तिकडे उभे करायची गोष्ट आहेच, आणि त्यात चूक काय म्हणा, आपण असतो तर आपणही मागितलं असतं.

मग मी का निघालो? एक्सेल शीटमधल्या एका सेलमुळे. नाव नाही घेत, पण मी होतो तिथल्या फायनान्शियल मॉडेलमध्ये वरच डाव्या कोपऱ्यात पिवळा सेल होता, ‘फर्स्ट पॉवर’ची, म्हणजे पहिली वीज कधी जाणार त्याची, तारीख. ती बदलली की खालच्या सगळ्या शीट बदलायच्या, व्याज, पॅनलचा भाव, जमिनीचं भाडं, सगळं. आणि ती बदलायचीच. परमिट लांबलं, बदला, केबलवाल्या कंपनीकडे स्लॉट नाही, बदला, पलीकडे मंत्री बदलले, थांबा जरा, मग बदला. सिंगापूरच्या नियामकाचे टप्पेही तसेच, आधी सशर्त मंजुरी, मग सशर्त लायसन्स, मग खरं लायसन्स, आणि प्रत्येक टप्प्याला तेच मॉडेल नवीन तारखेने. मी इतकी वीज हिशोबात आणली पण तारेतून एक युनिट गेलेलं बघितलं नाही. काहींना हे चालतं, बांधकामात रमणारी माणसं असतात, त्यांनी जरूर जावं. मला संध्याकाळी मीटरचा आकडा लागतो, मग तो ३७ मेगावॅट का असेना.

लाओसवाल्या बाजूला अजून एक टोचणारी गोष्ट आहे ती सांगितलीच पाहिजे. पाण्याची वीज म्हणजे स्वच्छ असं पत्रकात छान वाटतं, पण मेकाँगवरच्या धरणांमुळे मासे आणि गाळ अडतो म्हणून खालचे मच्छीमार आणि शेतकरी वर्षानुवर्षं ओरडतायत, आणि जुलै २०१८ ला लाओसच्या अत्तापू प्रांतात झे-पियान झे-नामनोय प्रोजेक्टचं पूरक धरण फुटून गावंच्या गावं पाण्यात गेली ती बातमी तुम्हीही वाचली असेल. शिवाय कोरड्या महिन्यांत पाणी कमी, मग वीज कमी. या बाबतीत इंडोनेशियाच्या रिआउ बेटांवरचा सोलर उजवा वाटतो, निदान कागदावर तरी.

तरीही नवीन माणसाला मी हळूच जुन्या तारांकडेच ढकलेन. कारण इथे चुका रोज कळतात. शिवाय हे काम आता फक्त लाओसपुरतं राहिलेलं नाही, मलेशियाने ऑक्टोबर २०२१ ला सिंगापूरला हरित वीज विकायला बंदी घातली होती ती २०२३ ला उठवली, २०२४ ला त्यासाठी लिलावाचं एक्स्चेंज काढलं, आणि वर्षअखेरीला ५० मेगावॅट जायलाही लागली, परत त्याच जोहोरच्या जोडणीतून. आपल्या शेजारी बघा, नेपाळची ४० मेगावॅट भारताच्या तारांतून बांगलादेशला जायला नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरुवात झाली, तिथेही हीच विद्या. म्हणजे इथे शिकलेला माणूस उद्या परत जाऊन बेकार बसणार नाही, असं आपलं मला वाटतं.

इंटरव्ह्यूला गेलात तर पगाराआधी एवढं विचारा, की मीटर डेटा रोज माझ्यासमोर येणार का. समोरचा ‘फेज टूमध्ये’ म्हणाला तर कुठल्या बाजूला बसवतायत ते समजून घ्या आणि मग खुशाल ठरवा.