आईला लिहिलेल्या पत्रांमधला शल्यविशारद : वाइल्डर पेनफील्ड यांचे ‘नो मॅन अलोन’

मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड (1891–1976) हे नाव बहुतेकांना माहीत असते ते मेंदूच्या पृष्ठभागावर आखलेल्या, अवाढव्य हातांच्या आणि जाड ओठांच्या मानवाकृतीमुळे; शरीराच्या कोणत्या भागाला मेंदूत किती जागा मिळते, ते ती दाखवते. त्यांच्या निधनानंतर 1977 मध्ये प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मात्र त्या आकृतीच्या आधीच्या काळाचे आहे, आणि माझ्या मते तेच त्याचे बळ आहे. आईला नेमाने पाठवलेली पत्रे तिने जपून ठेवली होती. त्यांचा आधार असल्यामुळे कथनात मागाहून सुचलेले शहाणपण फारसे शिरलेले नाही.

ऑक्सफर्डला चेतासंस्थेचे अभ्यासक शेरिंग्टन यांच्या हाताखाली त्यांना या विषयाची ओढ लागली. पुढे शल्यचिकित्सक झाल्यावरही ते 1924 मध्ये माद्रिदला देल रिओ ओर्तेगा यांच्याकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी मेंदूतल्या पेशी चांदीच्या क्षारांनी रंगवण्याचे तंत्र शिकायला गेले आणि 1928 मध्ये ब्रेसलाऊला फोर्स्टर यांच्याकडे, जे जाग्या रुग्णाच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून अपस्माराचे (फेफऱ्याचे) मूळ शोधत असत. शस्त्रक्रियेत मुरलेला माणूस सूक्ष्मदर्शकापुढे पुन्हा विद्यार्थी होऊन बसतो, ही प्रकरणे सावकाश वाचावीत.

पुस्तकाचा गाभा मला थोरली बहीण रूथ हिच्या प्रकरणात दिसला. 1928 च्या डिसेंबरमध्ये पेनफील्ड यांनी स्वतःच तिच्या मेंदूच्या उजव्या अग्रखंडातली (कपाळामागच्या भागातली) मोठी गाठ काढली, पण ती समूळ निघाली नाही. पुढे रूथ घरी परतली, बोलण्यावागण्यात पूर्वीसारखीच वाटली. मात्र पाहुण्यांसाठी स्वयंपाक करताना कामांची क्रमवार जुळणी तिला जमेना. भावाचे दुःख आणि संशोधकाचे निरीक्षण इथे एकाच परिच्छेदात येते, आणि त्यात कोरडेपणा जराही नाही. 1931 मध्ये ती गेली.

मॉन्ट्रियलला त्यांनी उभारलेल्या मेंदूविषयक संस्थेसाठी निधी मिळवण्याची हकिगत त्यामानाने रेंगाळते. मोठी उणीव अशी की ही संस्था, मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, 1934 मध्ये उघडताच पुस्तक थांबते. त्यामुळे सहकारी बोल्ड्री यांच्यासह 1937 मध्ये मांडलेला मेंदूचा नकाशा, मेंदूच्या विद्युत्-आलेखांचे अभ्यासक जॅस्पर यांच्याबरोबरचे काम, शंखखंडाला (कानशिलाजवळच्या भागाला) विद्युत्स्पर्श होताच रुग्णांना आलेले जुन्या प्रसंगांचे अनुभव, यांपैकी काहीच इथे सापडत नाही. त्यासाठी त्यांचे 1975 चे ‘द मिस्टरी ऑफ द माइंड’ गाठावे लागते. मन केवळ मेंदूच्या क्रियेतून उलगडत नाही, हा त्यातला निष्कर्ष मला पूर्णपणे पटला नाही, पण तिथवर पोचणारा माणूस ‘नो मॅन अलोन’मुळेच नीट समजला.