व्हिक्टोरिया आणि कन्सेप्सिऑन: मंगळावरील जुने आणि तरुण विवर

मंगळाच्या मेरिडियानी मैदानावरील या दोन्ही विवरांना दर्यावर्दी मॅगेलनच्या ताफ्यातील जहाजांची नावे मिळाली आहेत आणि दोन्हींची पाहणी नासाच्या ‘ऑपॉर्च्युनिटी’ या रोव्हरने (चाकांवर फिरणाऱ्या यंत्राने) केली. साम्य येथेच संपते. व्हिक्टोरिया सुमारे ७५० मीटर रुंद असून वाऱ्याने त्याचा काठ कोरून दंतुर केला आहे. २००७ मध्ये रोव्हर त्यात उतरला आणि जवळपास वर्षभर त्याने उघड्या पडलेल्या खडकांचे थर तपासले.

कन्सेप्सिऑन जेमतेम १० मीटरचे आहे. २०१० च्या आरंभी रोव्हर तेथे पोहोचला, तेव्हा विवर घडवणाऱ्या उल्केच्या आघाताने उडालेले टोकदार दगड काठाभोवती विखुरलेले होते आणि कक्षेतूनही दिसणारे गडद पट्टे वाळूच्या तरंगांवर पसरलेले होते. त्यावरूनच शास्त्रज्ञांनी त्याचे वय अंदाजे १००० वर्षे, म्हणजे भूशास्त्राच्या मापाने अगदी अलीकडचे, ठरवले.

प्राचीन पाण्याचा इतिहास हवा असेल तर व्हिक्टोरियाला तोड नाही. मात्र आघातानंतर लगेच जमीन कशी दिसते आणि धूप कोठून सुरू होते, हे समजून घेण्यासाठी मी निःसंशय कन्सेप्सिऑनची निवड करीन, कारण व्हिक्टोरियाच्या बाबतीत तो पुरावा वाऱ्याने केव्हाच पुसून टाकला आहे.