हळदणकरांची दिवेवाली की रविवर्म्याची दमयंती?
वॉटरकलर शिकायला कॉपीच करायची तर माझं मत चित्रकार हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या बाईला. लोक ते चित्र रविवर्म्याचं समजतात (काय बोलणार!) पण ते 1945-46 चं, जलरंगातलंच, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, त्यामुळे उजेडासाठी कागद कोरा राखायचा आणि दिव्याच्या उजेडाने बोटांत आलेली ती लाली पातळ वॉशवर वॉश (पाणीदार रंगाचे थर) देत आणायची, खालचा पूर्ण वाळल्यावरच हं, नाहीतर रंगांचा चिखल, हे सगळं आपोआप शिकायला मिळतं. 'हंस दमयंती' 1899 चं, ऑइलमधलं. पोझ, साडीच्या चुण्या झकास, पण ऑइलमध्ये हायलाइट (सगळ्यात उजळ जागा) शेवटी वरून देता येतो, जलरंगात आपल्याला मात्र आधीच जागा सोडावी लागते, म्हणजे सगळं उलटं. दमयंती पेन्सिलने करा, रंग दिवेवालीवर घाला, आणि कागद 300 जीएसएमचाच, म्हणजे जाड, घ्या.