फुगवायची कयाक, ६ महिन्यांनंतर : सगळं दुखणं हवेचं

डिसेंबरात घेतलेली ही दोघांची फुगवायची कयाक आजवर ८ वेळा कुंडलिका नदीत उतरली. लांबी, वजन, किती किलो पेलते, हे तुम्ही विक्रीच्या पानावर पाहिलंच असेल. मला बोलायचंय ते हवेबद्दल.

पहिल्या तिन्ही खेपांना एकच तऱ्हा. दाबमापकाच्या काट्यावर बघून तळाच्या कप्प्यात बरोबर ३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरायचे, होडी ढकलायची आणि पंधरा मिनिटांत तळ मऊ. डोहात चालून जातं. खळाळात नाही. मऊ होडी लाटेवर मधोमध दुमडते, वल्हं मारूनही नाक वळत नाही. तिसऱ्या खेपेला असंच खडकाकडे ओढलो गेलो, आणि पुढे बायको बसलेली. लाइफ जॅकेट, हेल्मेट सगळं होतं, तरी त्या दिवशी मी घाबरलो.

कंपनीला फोन केला. उत्तर : "असं होतंच सर. शंका असेल तर होडी पाठवून द्या." १७ किलोचं धूड, कुरिअरचा खर्च आमचा. होतं तर का होतं, हे दोन महिन्यांत कुणीही सांगितलं नाही. ३६ हजार मोजल्यावर एवढं ऐकून कोण गप्प बसेल? एकच तारा द्यायचा, हे माझं ठरलं होतं.

मत बदललं मार्चमध्ये. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येतं, म्हणून कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. पाणी सकाळी सोडतात आणि बंद झालं की खडक उघडे पडतात. म्हणून एक गाडी आधीच खालच्या टोकाला लावायची, दुसरीनं जिथून होडी उतरवतो त्या ओढ्यापर्यंत यायचं आणि राफ्टच्या मागोमाग निघायचं, असा आमचा बेत असतो. ओढ्याच्या तोंडाशी पाण्याची वाट बघत बसलो होतो, होडी फुगवून उन्हात ठेवलेली. राफ्टवाल्यांपैकी एका पोरानं तिला हात लावला. "काका, तापलीय ही. आधी पाण्यात ठेवा, गार होऊ द्या, मग परत हवा मारा."

घरी येऊन गणित केलं. उन्हात तापलेली आतली हवा नदीच्या पाण्यात ४० अंशांवरून २५ वर आली, तर काट्यावरचे ३ पीएसआय जेमतेम सव्वादोन उरतात, कणभर हवा न गळता! आणि भिरा म्हणजे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश नोंदले गेलेलं गाव. आमच्या तळाला भोक नव्हतंच. कंपनीचं "होतंच" खरं होतं. पण ही एक ओळ पुस्तिकेत का नाही, हा माझा राग अजून गेलेला नाही. खळाळात ती ओळ माहीत नसणं म्हणजे जिवाशी गाठ आहे.

डावा कप्पा मात्र खरोखरच बसत होता. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडे आले. किल्लीनं उघडला, तर रबरी चकतीखाली वाळूचा कण. पुसून बसवला आणि होडी रात्रभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवली. सकाळी तशीच टणक. खर्च शून्य. पाठवली असती तर कुरिअरचे पैसे गेलेच असते.

आता चार तारे देतो, पाचवा त्या पुस्तिकेपायी कापला. होडी हल्ली ओढ्याच्या तोंडाशी साचलेल्या डोहातच तरंगत ठेवतो आणि निघण्याआधी पंपाचे आणखी दहा-बारा हात मारतो. मेमधल्या दोन्ही खेपांना ती शेवटपर्यंत फळीसारखी ताठ राहिली, आणि बायको पुन्हा पुढे बसली.