@ च्या जागी अवतरणचिन्ह: सेटिंग बदलावे, कळा नव्याने नेमाव्यात की कीबोर्डच बदलावा?

शिफ्टसह २ दाबल्यावर @ ऐवजी " उमटते, ३ वर # ऐवजी £ येतो आणि हवा असलेला @ एंटरजवळच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर सापडतो, अशी लक्षणे असतील तर कीबोर्ड बिघडलेला नसून विंडोजने ब्रिटिश मांडणी (कोणत्या कळीने कोणते चिन्ह उमटवायचे याची नेमणूक) धरलेली असते. Y आणि Z यांची अदलाबदल झाली असेल तर बहुधा जर्मन मांडणी लागलेली असते. संगणकावर दोन मांडण्या असतील तर विंडोजची कळ आणि स्पेसबार चुकून एकत्र दाबले जाणेही त्यासाठी पुरेसे होते.

खर्चाचा विचार करण्यापूर्वी विंडोज, कंट्रोल आणि O या कळा एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा आणि त्यातली शिफ्ट दाबून २ च्या कळीवर काय दिसते ते पाहावे. तिथेही " दिसल्यास दोष सेटिंगचा आहे, तिथे @ दिसत असून प्रत्यक्ष कळ भलतेच काही उमटवत असेल, तर दोष यंत्राकडे शोधावा.

सेटिंग बदलणे हा फुकटचा आणि बहुतेकांना पुरणारा उपाय आहे. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन' येथे जाऊन भाषेसमोरच्या तीन ठिपक्यांतून 'लँग्वेज ऑप्शन्स' उघडावे, हवी ती मांडणी जोडावी आणि नको असलेली काढूनच टाकावी, कारण ती राहिली तर पुन्हा डोके वर काढते. अमेरिकी मांडणीपेक्षा 'इंग्लिश (इंडिया)' आपल्याकडे अधिक सोयीची आहे, कारण तीत उजव्या ऑल्टसह ४ दाबल्यावर ₹ मिळतो. मात्र लॉगिनच्या पडद्यावर जुनीच मांडणी राहू शकते, आणि पासवर्डमध्ये @ असेल तर तो अचूक टाइप करूनही नाकारला जातो.

ब्रिटनमधून आणलेल्या लॅपटॉपवर निवड थोडी अवघड होते. कळांकडे पाहून टाइप करणाऱ्याने छापील चिन्हांशी जुळणारी ब्रिटिश मांडणीच ठेवावी. बोटांना भारतीय कीबोर्डची सवय असलेल्याने मांडणी बदलावी आणि मग एंटरला लागून असलेली व डाव्या शिफ्टशेजारची अशा दोन कळा एकच \ उमटवतात, हे चालवून घ्यावे.

पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या जोडप्रोग्रामसारख्या साधनाने एकेक कळ नव्याने नेमणे मला या दोषावर तरी पटत नाही. ते साधन पार्श्वभूमीत चालू असेपर्यंतच बदल टिकतो, लॉगिनच्या पडद्यावर तो लागू होत नाही आणि मूळ चुकीची मांडणी तशीच राहते. एखादी कळ कायमची निकामी झाली असून तिचे काम दुसरीकडे वळवायचे असेल, तेव्हा मात्र ते उपयोगी पडते.

एका दाबात दोन अक्षरे उमटणे किंवा चहा सांडल्यानंतर काही कळा एकदमच बंद पडणे ही यंत्रदोषाची लक्षणे आहेत. कळा आतून आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असल्याने एक रेघ तुटली की अनेक कळा जातात. डेस्कटॉपला अशा वेळी काही शे रुपयांचा नवा यूएसबी कीबोर्ड घेणे दुरुस्तीपेक्षा परवडते. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड बदलणे महाग पडते, म्हणून आधी बाहेरून दुसरा जोडून पाहावा. त्यावरही तीच चुकीची चिन्हे आली, तर लॅपटॉप उघडायला देऊ नये.